पुठ्ठ्यावरचं तेल

बाबांचा दिवस पुठ्ठ्यापासून सुरू होतो. जुन्या फ्रीजच्या खोक्याचा हा भलामोठा पुठ्ठा रोज संध्याकाळी ते जीपच्या तोंडाखाली सरकवून ठेवतात. सकाळी उठल्यावर आधी तो ओढून बाहेर काढायचा, उजेडाकडे धरायचा, चष्मा कपाळावर चढवून वरून खालून न्याहाळायचा, आणि मग चहा. पुठ्ठा कोरडा असला तर जीपला किल्ली लागते. डाग असला तर त्या दिवशी जीप हलत नाही. देव जरी दारात येऊन चला म्हणाला तरी नाही.

हा नियम त्यांच्या नोकरीतला. रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते सुपरवायझर होते. उमेदीची सगळी वर्षं गडचिरोलीच्या जंगलात गेली. तिथे गाडी बंद पडली की गावापर्यंत पायपीट, आणि गाव म्हणजे चार घरं. त्यामुळे थेंब दिसला की किल्ली खिशात, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. ठेकेदाराने धंदा गुंडाळला तेव्हा कामाची एक डिझेल जीप बाबांनी विकत घेतली. चारही चाकांना जोर असलेली, टणक, पत्र्याची, आत बसलं की हाडं मोजता येतील अशी. ती आजही नागपुरात, सक्करदऱ्याच्या आमच्या घरासमोर उभी आहे आणि बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

मी मनीषनगरात राहते, बँकेत नोकरी करते. लग्न केलं नाही, त्यामुळे रविवार माझा मला पुरतो, आणि तो मी बहुतेक जीपखाली घालवते. पाने-पकडी हातात धरायला बाबांनीच शिकवलं. आता त्यांच्याने वाकवत नाही, म्हणून ते खुर्ची टाकून बसतात आणि सूचना देतात. सूचना ऐकून घेणं हा माझा स्वभाव नाही. आमची रविवारची भांडणं गल्लीला पाठ आहेत.

या वर्षीच्या उन्हाळ्यात उमरेडला मामेभावाचं लग्न निघालं. पुण्याहून दादा, वहिनी आणि त्यांच्या दोन छोट्या मुली येणार होत्या. बाबांनी पत्रिका हातात पडल्याबरोबर जाहीर केलं की नाती त्यांच्या जीपमधून लग्नाला जातील, आणि चालवतील ते स्वतः. दादाला जीप कधीच आवडली नाही. तो फोनवर मला म्हणाला, गाडी ठणठणीत असेल तरच मी पोरींना बसू देईन, एक थेंब जरी गळत असली तर आम्ही टॅक्सी करू. हे मी बाबांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर डाग होता.

डाग काळा, चकचकीत, पुढच्या बाजूला. पाणी नव्हतं, डिझेल नव्हतं, इंजिनाचं तेल होतं. मी खाली सरपटून पाहिलं तर ऑइल कूलरकडून येत होतं. ऑइल कूलर म्हणजे रेडिएटरच्या पुढे उभी केलेली एक छोटी जाळी. इंजिनातलं तापलेलं तेल एका पाइपातून तिथे येतं, वारा खातं आणि दुसऱ्या पाइपातून परत जातं. नागपूरच्या उन्हात हे जाळीदार प्रकरण नसेल तर एवढ्या जुन्या इंजिनाचं काही खरं नाही. पाइपांची रबरं फुगून चिरली होती. वीस-पंचवीस वर्षांच्या रबराकडून आणखी काय अपेक्षा करणार? मी नवे पाइप बनवून आणले, बसवले, इंजिन चालवून पाहिलं. कोरडं ठाक.

चार-सहा दिवस पुठ्ठा स्वच्छ निघाला आणि मग पुन्हा डाग.

या खेपेला तेल पाइपाच्या टोकाला जिथे मोठी चाकी, म्हणजे नट, कूलरवर आवळतात तिथून झिरपत होतं. आतलं रबरी वायसर खराब निघालं असणार, असं मी धरून चालले आणि सुट्या भागांच्या दुकानदाराशी जाऊन भांडले. डुप्लिकेट माल विकतोस, असं भर गर्दीत सुनावलं. तो बिचारा म्हणाला, मॅडम, माल अस्सल आहे. मी म्हटलं, मग तेल काय माझ्या नशिबाने गळतंय का. त्याने दुसरं वायसर फुकट दिलं. ते बसवलं. पुन्हा काही दिवस कोरडे गेले आणि पुन्हा डाग.

मग मी अख्खा कूलरच काढला आणि रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने एक तोंड बुचाने बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि कूलर पाण्याच्या हौदात बुडवला. कुठे छिद्र असेल तर बुडबुडे येतात. आम्ही दोघं हौदावर वाकून बघत राहिलो, एक बुडबुडा आला नाही. त्याने हात पुसत सल्ला दिला, "मॅडम, कूलरले बायपासच मारा ना. टेन्शन खतम." म्हणजे कूलर काढून टाकायचा आणि तेल परस्पर फिरवायचं. हे बाबांच्या कानावर घातलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आईचंच काही काढून टाकायचं म्हणत होते.

लग्न जवळ येत होतं. बाबा गप्प राहू लागले. एरवी ते रोज सकाळी जीप काढून उमरेड रोडवरच्या एका चहाच्या टपरीवर जायचे. तिथे त्यांचे जुने सोबती जमतात, सगळे पिकलेले, सगळे जंगलातल्या गोष्टी सांगणारे. आता पुठ्ठ्यावर डाग असला की ते अंगणातच बसायचे, पेपर उलटा-सुलटा करत. दादाला कळू देऊ नको, एवढंच मला म्हणायचे. त्यांचं ते तोंड बघवत नसे. मी ठरवलं, काही झालं तरी लग्नाआधी ही गळती बंद करायची.

या सगळ्यात आई होती. आई नेहमीच असते, फक्त लक्षात येत नाही. ती उमरेडच्या कोष्ट्याची मुलगी. तिच्या माहेरी माग होते, लहानपणी तिने सुताच्या कांड्या भरल्या आहेत. जीपमध्ये तिला काडीचा रस नव्हता. मी गाडीखाली गेले की ती टॉर्च धरून उभी राहायची, हवा तो पाना पुढे करायची आणि अधूनमधून विचारायची, हे काय, ते कशाला. मी घामाघूम झालेली असायचे, वैतागून काहीतरी उत्तर द्यायचे. ही चाकी एवढी आवळली की तेल थांबतं, जरा ढिली राहिली की झिरपतं. बघ, बावीस नंबरचा पाना लागतो. ती हं म्हणायची.

शेवटच्या वेळी चाकी आवळल्यावर मी एक युक्ती केली. माझ्या पर्समधली लाल नेलपॉलिश काढली आणि चाकीवरून खालच्या जोडावर एक सरळ रेघ ओढली. चाकी हादऱ्याने फिरली तर रेघ तुटलेली दिसेल आणि कारण कळेल, असा हिशेब. बाबांना मी बजावलं की मी सांगेपर्यंत जीप सुरू करायची नाही, नुसती उभी राहू द्या. त्यांनी ऐकलं. किल्ली टेबलावर काढून ठेवली.

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. "तेल पडून राहिलं वं," एवढंच म्हणाले. मी बँकेतून तशीच निघाले. वाकून टॉर्च मारला आणि नेलपॉलिशची रेघ पाहिली. चाकीवरची रेघ एकीकडे, जोडावरची दुसरीकडे. मधे बोटभर अंतर.

जीप जागची हललेली नव्हती. इंजिन सुरू झालेलं नव्हतं. उभ्या गाडीची चाकी आपोआप फिरत नाही. म्हणजे कोणीतरी ती फिरवली होती. आमच्या अंगणात येऊन, जीपखाली हात घालून, बरोबर त्याच चाकीला, बरोबर मापाचा पाना लावून.

माझ्या डोक्यात पहिला नंबर शेजाऱ्यांचा लागला. जीपच्या धुरावरून त्यांचं आणि बाबांचं जुनं वाजलेलं आहे. मी तेव्हाच जाऊन त्यांच्या दारावर थापा मारणार होते, पण बाबांसमोर तमाशा नको म्हणून थांबले. चाकी आवळली, नवी रेघ ओढली, आणि चोराला रंगेहाथ धरायचं ठरवून पुढच्या दिवशी सुट्टी टाकली. बाबा दुपारी जेवून झोपतात. घरातला कूलर घरघरत असतो, त्यामुळे त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नाही. चोर आला तर तेव्हाच येणार. मी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावली, मागच्या बोळातून आले आणि भिंतीच्या सावलीत उभी राहिले. उन्हाने गल्ली ओस पडली होती. कुत्रंसुद्धा नाल्यात जाऊन बसलं होतं.

दार उघडलं. आई बाहेर आली. एका हातात पाट, दुसऱ्या हातात पदराखाली काहीतरी. जीपच्या पुढच्या चाकाशी तिने पाट टाकला, पदर खोचला आणि विळीवर बसावं तशी एक पाय दुमडून बसली. मग पदराखालून बावीस नंबरचा पाना काढला. हात आत घातला, डोळे मिटून चाचपलं, पाना अडकवला आणि अगदी थोडा, सुताचा पीळ सैल करावा एवढा, फिरवला. हात बाहेर काढून बोटं पाहिली. तेल लागलं होतं. ती समाधानाने बोटं चिंधीला पुसू लागली.

माझी आई. जिला मी आजवर साधा बल्ब बदलताना पाहिलं नव्हतं. त्या क्षणी शेजारी दिसला असता तर मी त्याचा गळा धरला असता. मी सावलीतून बाहेर आले.

"आई, काय करून राहिली तू?" मी विचारलं.

ती दचकली नाही. वर पाहिलं, पाना हळूच मांडीवर ठेवला. "आली का," म्हणाली, जणू माझी वाटच बघत होती.

मी तिला बखोटीला धरून मागच्या अंगणात नेलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. बाबा दिवसेंदिवस झुरतायत, मी रविवारमागून रविवार जीपखाली पाठ सोलून घेते, दुकानदाराची अब्रू काढली, आणि ही बाई खुशाल चाकी ढिली करते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिला काही विचारू नको, तिचं तोंड बांधलेलं आहे. शपथ आहे. कोणाची, असं विचारल्यावर तिने फक्त खिडकीकडे पाहिलं. आतून कूलरची घरघर आणि बाबांचं घोरणं येत होतं.

आमच्या घरात शपथ ही थट्टा नाही. म्हणजे मी करते थट्टा, पण आईसाठी नाही. ज्याने स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, ती मोडली तर त्याच्याच जिवावर येतं, हे तिच्यासाठी सूर्य उगवण्याइतकं खरं आहे. बाबांनी तिला काहीतरी न सांगण्याची शपथ घातली होती, आणि तिने ती आजवर पाळली होती. पण न सांगण्याची शपथ होती, न करण्याची नव्हती. तिच्या तोंडाला कुलूप होतं, हाताला नव्हतं. ती चाकी ढिली करत होती कारण तिला पक्कं ठाऊक होतं की डाग दिसला की बाबा जीपला हात लावणार नाहीत. पहिली गळती पाइपांची, खरी होती; तिच्यावरूनच तिला हे सुचलं.

मी विचारलं, एवढंच होतं तर किल्ली का नाही लपवली. तेव्हा तिने उत्तर दिलं, कारण हे बोलायला शपथ आड येत नव्हती.

"किल्ली लपवली तर विचारतील, काहून लपवली. तेलाले कोणी विचारत नाही."

मग ती माझा हात धरून म्हणाली, "पोरी यायच्या आधी तू एकदा त्यांच्या बाजूले बसून जाय. गावात नाही, लांब. तुह्या डोळ्यानं पाहून घे."

मला वाटलं, बाबांची नजर गेली असेल. मोतीबिंदू असेल, समोरून येणाऱ्या गाड्या धूसर दिसत असतील आणि ते लपवत असतील. यापलीकडे माझी कल्पना गेली नाही. मी त्याच संध्याकाळी चाकी आवळली. आई टॉर्च धरून उभी होती आणि आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो.

सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला. बाबांचा चेहरा असा उजळला की मला रडू आवरेना. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, डोक्यावर टोपी चढवली. मी म्हटलं, चला, तुमच्या टपरीवर चहा पाजा. त्यांना एवढा आनंद झाला की गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्यांनी तीनदा हॉर्न वाजवला.

आणि ते उत्तम चालवत होते. शहरातल्या गर्दीत, रिक्षावाल्यांना शिव्या घालत, खड्डे चुकवत, त्यांनी जीप अशी काढली की मी मनातल्या मनात आईवर पुन्हा चिडले. नजरेला काहीही झालेलं नव्हतं. लांबवरच्या पाटीवरची अक्षरं ते वाचून दाखवत होते. शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, समोरून कोळशाचे ट्रक येऊ लागले. बाबा रंगात आले. आम्ही भामरागडच्या बाजूले होतो, असं त्यांनी सुरू केलं. नाला भरून आला होता, जीप मधोमध अडकली, साहेब टपावर चढून बसले, आणि...

आणि ते थांबले. बाबा गोष्ट सांगताना असेच थांबतात, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायला. मी हसत समोर बघत राहिले. पुढचं वाक्य आलं नाही. जीप किंचित उजवीकडे कलली. मला वाटलं, खड्डा चुकवतायत. ती आणखी कलली. मी वळून पाहिलं.

बाबांचे डोळे उघडे होते. समोर बघत होते आणि काहीच बघत नव्हते. ओठ चावल्यासारखे हलत होते, पान खाताना हलतात तसे. उजवा हात स्टेअरिंगवर नुसता ठेवलेला होता, आणि डावा हात शर्टाच्या बटनाशी चाळा करत होता. हळूहळू, सारखा, काढतोय आणि लावतोय. पाय मात्र अॅक्सिलरेटरवर होता तिथेच होता. जीप वेगात होती. मी बाबा म्हणून ओरडले. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या शेजारी माझे वडील बसलेले होते आणि तिथे कोणीही नव्हतं.

समोरच्या ट्रकने हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. मी स्टेअरिंग धरून आपल्याकडे ओढलं, गिअरचा दांडा ठोकून न्यूट्रलला आणला, हँडब्रेक खेचला. ट्रक आमच्या आरशाजवळून गेला. इंजिन उगाचच किंचाळत होतं, कारण बाबांचा पाय दाबलेलाच होता. किल्ली फिरवून मी ते बंद केलं. जीप रस्त्याच्या कडेला मुरमात जाऊन थांबली. धूळ आमच्या अंगावर बसत होती. मी दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला होता.

"...अन् साहेब म्हणे, जीप मरू द्या, आधी चहा पाजा," बाबा म्हणाले, आणि हसले.

मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते, जेवढी त्या हसण्याला घाबरले. ट्रकला नाही, त्या हसण्याला. त्यांनी गोष्ट जिथे सोडली होती तिथून उचलली होती. मधलं काही त्यांच्यासाठी घडलंच नव्हतं. मग त्यांना मी हसत नाही हे दिसलं. जीप उभी आहे हे दिसलं. त्यांनी आपल्या बटनाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मी तो उतरताना पाहिला.

मी विचारलं, हे आधी झालंय का. ते म्हणाले, कधीतरी होते, चक्कर आहे, ऊन लागते. डॉक्टरला दाखवलं का, असं विचारलं तर मान फिरवून शेताकडे बघू लागले. मग एकदम त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्याला लावला. त्यांचा गळा घामाने ओला होता आणि नाडी उडत होती.

"तुह्या दादाले सांगशील तर माही शपथ आहे तुले. कोणालेच नाही सांगायचं. पोरी येऊन राहिल्या, एकदा बसू दे त्याइले माह्या गाडीत."

मी हात ओढून घेतला. पण त्यांचं बोलून झालं होतं. मी म्हटलं, सरका. ते डावीकडे सरकले, आणि मी जीप वळवली. टपरीवरचा चहा राहूनच गेला.

घरासमोर आलो तेव्हा आई ओसरीत तांदूळ निवडत होती. स्टेअरिंगवरून कोण उतरतंय ते तिने पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. बाबा तिच्या बाजूने आत निघून गेले. टोपी काढली, पलंगावर आडवे झाले आणि पाठ फिरवली. आई माझ्याजवळ आली. मला वाटलं, ती विचारेल काय झालं. तिने विचारलं ते वेगळंच होतं.

"तुलेही घातली का?"

मी मान हलवली. ती ओसरीच्या पायरीवर बसली. तेव्हा मला कळलं की तिने काय बेत केला होता आणि तो कसा फसला होता. तिला सांगता येत नव्हतं, म्हणून तिने मला बघायला पाठवलं होतं. मी मोकळी होते. मी बघितलं असतं आणि मी दादाला, डॉक्टरला, सगळ्यांना सांगितलं असतं. शपथ मोडलीच नसती, बाबांच्या जिवाला काही झालं नसतं, आणि तिलाही त्या पाटावर उन्हात बसावं लागलं नसतं. आणि बाबांनी तिथल्या तिथे, मुरमात उभ्या जीपमध्ये, मलाही बांधून टाकलं होतं. मागच्या दिवाळीत त्यांनी तिला बांधलं ते असंच, त्याच रस्त्यावर. हे ती आता बोलली, कारण आता मला सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, मी मानत नाही हे. शपथ-बिपथ काही नसते. मी आता दादाला फोन लावते. गाडी बंद, आणि उद्या बाबांना डॉक्टरकडे न्यायचं. माझा आवाज चढला होता, पण काढलेला फोन नुसताच हातात राहिला. मी मानत नाही हे खरंच आहे. तरीही त्यांचा ओला गळा माझ्या तळव्याला लागलेला होता आणि तो मला पुसून टाकता येत नव्हता. स्वतःचाच मला धक्का बसला. चाळिशी उलटलेली, बँकेत लोकांना दटावणारी बाई, आणि एक नंबर दाबायला धजत नाही.

"तू नको मानू," आई म्हणाली. "पण माह्या मनाले तर लागते ना."

ती मला थांबवेल असं वाटलं. तिने थांबवलं नाही. ती उठली, पदराने हात पुसले आणि आत गेली. मी खिडकीपाशी उभी राहून फोन लावला. आत दिसत होतं. बाबा तोवर झोपले होते, किंवा झोपल्यासारखे पडले होते. आई पलंगाच्या कडेला बसली, त्यांच्या तोंडाकडे वाकली. दादाने फोन उचलला आणि हसत विचारलं, काय गं, जीप कुठे गळत तर नाही ना? मी आईकडे बघत राहिले. तो हॅलो हॅलो करत राहिला.

आईने आपलं बोट बाबांच्या नाकाखाली धरलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि बोट न काढता हळूच म्हणाली,

"चालू आहे श्वास. सांग तू."